मुदत

अंबादासनं भिवंडीहून फोनवर सांगितलं,
भंगारवाला बोलव, अक्का, किलोवर दे, मोकळी हो.
मी हो म्हटलं,
आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत टेप टाकून
जागा बघायला निघाले.

पहिली होटगी रोडला. भाडं निम्मं, वर पत्रा.
मुद्दाम दुपारी दोनला गेले होते.
सोलापुरात गोदाम बघायचं तर वैशाखात,
दुपारी दोनलाच बघावं.
दोन मिनिटं उभी राहिले, हातातल्या बांगड्या तापल्या.
मालक म्हणाला, टॉवेल ना? मग काय, वाळतील.
कोपऱ्यात उकिडवी बसून वास घेतला:
गूळ, युरिया, आणि त्याखाली उंदीर.
भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला एक तपकिरी रेघ.
ही कसली? तर म्हणे, रंगाचं काम अर्धं राहिलंय.

दुसरी आत्याच्या जावेची, विडी घरकुलात, माडीवरची खोली.
फुकट.
फुकट म्हणजे दर संक्रांतीला ऐकायचं,
तुमचा पसारा अजून आमच्याच डोक्यावर.
चहा प्यायले, बशी विसळून ठेवली, उतरले.

तिसरी चिंचोळीला, एमआयडीसीत.
पक्का स्लॅब, ओळीनं शटरं, शटरांवर आकडे,
कॅमेरे, आग विझवायचं लाल नळकांडं.
कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आम्ही उघडत नाही,
असं ऑफिसातल्या पोरानं तीनदा सांगितलं.
सत्तावीस नंबर. दहा बाय दहा. तीन महिन्यांचं डिपॉझिट.

टेप पिशवीतच राहिली.
आमच्यात खोली टॉवेलनं मोजतात:
तीस बाय साठचा, दुहेरी घडी, डझनाचा गठ्ठा.
डोळे मिटून रचत गेले.
मागच्या भिंतीला एकशे चाळीस गठ्ठे,
डावीकडं जकार्डचं डोकं, सुटं केलेलं,
त्यावर नानांच्या पत्त्यांच्या माळा.
उजवीकडं घर: शिलाई मशीन, दोन गाद्या,
आणि शेंगा कुटायचं उखळ,
जे पोरीच्या पुण्यातल्या सातव्या मजल्यावर
सहाव्या मजल्याला चालत नाही.
मध्ये एक माणूस आडवा चालेल एवढी वाट उरली.

मग फॉर्म.
मालाची अंदाजे किंमत.
बाहेर टपरीवर बसून पावतीच्या पाठीवर हिशेब केला.
बावीस महिने झाले
की मालापेक्षा भाडं मोठं.
दोनदा केला. दोनदा बावीसच.
अंबादास शाळेपासूनच गणितात हुशार.

पुढचा रकाना: मुदत.
शेड विकली, कारखाना विकला नाही,
असं मी सगळ्यांना सांगते.
रकान्यात एवढं मावत नाही.

वॉचमननं नमुन्याला आणलेली माळ उचलली.
मल्लिनाथ नाव, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट,
उजव्या तळहाताला आमच्यासारखाच घट्टा.
भोकांवरून बोट फिरवत गेला,
आंधळा माणूस ओळखीच्या जिन्यावरून जावा तसा.
हा गळा, म्हणाला. मोर आहे.
पण इथं एक भोक बुजवलंय, अक्का. कुणी?

नानांनी. मोर तिरळा दिसायचा.

तो हसला. मीही.
ऑफिसातला पोरगा पेन घेऊन थांबलेला.

मल्लिनाथ म्हणाला,
फरशीवर ठेवू नका, फळ्या टाका.
भिंतीपासून चार बोटं सोडा. पत्ते वर, गाद्या खाली.
आणि मृगाच्या आधी एकदा येऊन शटर उघडा,
तासभर नुसतं बसा.
कोंडला की पांढरा माल पिवळा पडतो.

मुदतीत मी अकरा महिने लिहिलं,
सगळे तेवढंच लिहितात.
किल्ल्या दोन मिळाल्या.
येताना एसटीत दोन्ही एकाच पदराला बांधल्या,
मग एक सोडून पिशवीत टाकली,
मग परत बांधली.
अंबादासचा फोन वाजत होता.
बाळ्याचा पूल जाईपर्यंत उचलला नाही.