लांबोडका चेंडू

आजोबांच्या वहीत, शिवोलीच्या गिऱ्हाइकांत,
एक ओळ अजून खोडलेली नाही :
दामियांव, नदीकडचा. चेंडू. चार तांगा. येणे.

भात कापून झालं की खाजनात
हा दामियांव अनवाणी खेळायचा, डावखुऱ्या पायाचा.
खुंटांनी टाचा फाटायच्या,
पाद्रीबाब बांधावरून ओरडायचे,
काष्टी नको रे, विजार घाल!

मग मुंबई, गावच्या कुडातली पत्र्याची ट्रंक,
आणि इस्पितळाच्या बोटीवर वाढप्याची नोकरी.
लढाई त्यानं बशा विसळताना पाहिली.
पुढे बशा ठेवून स्ट्रेचर उचललं,
कारण उचलणारे कमी पडत गेले.

इजिप्तच्या वाळूवर, बँडेजं बांधलेली
ऑस्ट्रेलियाची पोरं एक चेंडू लाथाडत होती,
न सोललेल्या नारळासारखा.
त्यांनी यालाही घेतलं.
एक हात गेलेल्यानं शिकवलं :
हातातून सोडायचा, पडता पडता मारायचा,
आणि उंचावर असला तर
समोरच्याच्या खांद्यावर गुडघा देऊन झेलायचा.
गोऱ्याच्या खांद्यावर गुडघा!
हे सांगताना तो दर वेळी आवाज उतरवायचा.

पुढच्या खेपेला तंबू रिकामा.
खाटेखाली चेंडू.

गुडघ्यात लोखंड घेऊन तो गावी आला,
काखेत हा.
टप्पा पडला की डुकराच्या पिलासारखा
भलतीकडेच पळे. पोरं हसली.
तेव्हा आजोबांकडे आला : गोल करून दे.

आजोबांनी टाके उसवले. चार पाकळ्या.
भिजवल्या, ठोकल्या, साच्यावर ताणल्या,
वाळल्या की पुन्हा तशाच.
आठव्या दिवशी होत्या तशा शिवून टाकल्या.
कातडं ऐकत नाही, बाबा.
दामियांवनं गुडघ्यावरून हात फिरवला,
म्हणाला, राहू दे तुझ्याकडेच.

त्यानंतर तीस वर्षं तो बांधावर, गळ्यात शिटी.
गोल झाला तरी वाजवायला विसरायचा.
पण पडलेल्या पोराला कुणी ओढून उठवू लागलं
की लगेच शिटी, लांबलचक :
आधी विचार त्याला, कुठं दुखतं.

त्याला पुरून आल्यावर
आजोबांनी माळ्यावरून चेंडू काढला, पोरांना दिला.
काळ्या कपड्यांतच ती खाजनात उतरली.
एकानं हातातून सोडला, पडता पडता मारला.
टप्पा घेऊन तो मानशीकडे निघाला,
मध्येच वळला,
आणि धावणारी सगळी
चुकीच्या बाजूला.