बाराव्या महिन्याचा फोटो

केमीहून ओउलूला शंभरेक किलोमीटर.
गाडी ईर्या चालवते. मी उपाशी आहे,
आणि तिच्या मते रिकाम्या पोटी
मला उजवं-डावं कळत नाही.

फॉर्मवर प्रश्न गेल्या वर्षीचाच:
धातूचं काम कधी केलंय का? डोळ्यात कण गेला होता का?
लिहितो: एकतीस वर्षं, बर्फफोड्या जहाजावर वेल्डर.
कण एकदा गेला होता, एकोणनव्वद साली.
जहाजावरच्या डॉक्टरनं काढला, कॉफी पीत पीत.
खिडकीतली मुलगी वाचते, पुन्हा वाचते,
आणि आधी माझ्या डोळ्यांचा एक्स-रे काढायला पाठवते.

मागच्या मार्चात त्यांनी माझ्या आत बर्फ केला.
खोटं नाही. सुया घालून,
अक्रोडाएवढ्या ग्रंथीचा उजवा अर्धा गोठवला,
डावा तसाच राहू दिला.
सगळी काढायची गरज नाही, डॉक्टर म्हणाली.
मी म्हटलं, जहाजही अख्खा समुद्र फोडत नाही,
जाण्यापुरती वाट करतं.
ती हसली नाही. मापं घेत होती.

आता नळीत, उताणा.
हातात रबरी फुगा, भीती वाटली तर दाबायचा.
भीती वाटते. दाबत नाही.
ठक् ठक् ठक्, मग घर्र, मग काहीच नाही.
ते काहीच नाही सर्वात लांबतं.
जहाजाच्या पोटात झोपायचो तेव्हा
पत्र्याला रात्रभर बर्फ घासायचा, कानाशी,
आणि आम्ही मेल्यासारखे घोरायचो.
जाग यायची आवाज थांबला की.
म्हणजे अडकलो.

"हलू नका हं, केम्पाइनेन,"
भिंतीतून योन्नाचा आवाज.
दंडातून काहीतरी गार वर चढतं.

दुपारी डॉक्टर पडदा माझ्याकडे वळवते.
करड्या ग्रंथीत उजवीकडे
एक काळा, आक्रसलेला तुकडा.
हे काय?
व्रण. मेलेलं आहे ते. रक्त घेत नाही, बघा.
आणि वर्षापूर्वी, इथेच?
तेव्हाही काळंच होतं, ती म्हणते. तेव्हा ते जिवंत होतं.

काळा बर्फ दोन जातींचा असतो, बाप सांगायचा.
एक जुना, पोलादी, घोडा पेलणारा.
एक काल रात्री धरलेला, खाली लगेच पाणी.
वरून बघशील तर फरक नाही.
सळईनं ठोकायचं, कान द्यायचा,
मग पुढचं पाऊल. मग पुन्हा ठोकायचं.

तिच्याकडेही सळया आहेत तीन-चार:
एक चित्र पाण्याच्या हालचालीचं,
एक दंडातल्या त्या गार औषधाचं,
आणि रक्तातला आकडा, आठाचा दोन झालेला.
तिनं सगळीकडे ठोकून पाहिलंय.
पण डावीकडे, राखलेल्या भागात,
तांदळाच्या दाण्याएवढं काही. मीच बोट ठेवलं.
याला अजून नाव देत नाही, ती म्हणाली.
सहा महिन्यांनी बघू.

ईर्यानं मग मला विचारायचं होतं ते विचारलं,
माझ्याकडे न बघता, सरळ तिलाच,
आणि मी खिडकीबाहेरच्या सायकली मोजल्या.
सगळं ठीक चाललंय, ईर्यानंच उत्तरही दिलं,
बहुतेक वेळा.

ई गावाच्या पंपावर कॉफी, वेलदोड्याचा पाव.
चांगलं आहे ना, ती म्हणते.
चांगलं आहे.
किती चांगलं?
मी पावाचा उरलेला अर्धा तिच्याकडे सरकवतो.

पर्समधल्या डायरीत ती सप्टेंबर उघडते,
तारीख पेन्सिलनं लिहिते.
सप्टेंबरात आमचा समुद्र मोकळा असतो.
घासायला काही नसतं, ठोकायला काही नसतं,
लाटा नुसत्या येत राहतात,
आणि झोप लागत नाही लवकर.