एकवीस नंबरचं वजन

रविवारी माझगावला दुबाशच्या गॅलरीत जमतो आम्ही,
प्रत्येकाच्या मांडीवर बुटाचं खोकं,
खोक्यात मलमलीत गुंडाळलेलं एकेक इंजिन.
दुबाशचं मेल ओढणारं, नाकावर चांदणी.
मिनेझिसचं घाट चढणारं, दणकट.
माझं पाहून दुबाश दर वेळी म्हणतो,
"परुळेकर, ह्या शंटिंगच्या डबड्यात काय ठेवलंय?"
मी चहा फुंकत राहतो.

सहा चाकं, पाणी पोटालाच बांधलेलं.
वडाळ्याच्या यार्डातून गोदीत, गोदीतून वडाळ्याला.
उभ्या जन्मात कसारा तर सोडाच,
ठाणंसुद्धा पाहिलं नाही त्याने.
गंधक, खताची पोती, कापसाचे गठ्ठे
ढकलत राहिलं.
पुढे कुठलं तोंड, मागे कुठलं,
तेही धड ठरलेलं नव्हतं.

मी तेव्हा पोर्ट ट्रस्टच्या भांडारात कारकून.
लिलावाच्या वहीत माझं अक्षर आहे:
अनुक्रमांक चार. इंजिन एक. नंबर एकवीस.
वजन अंदाजे एकोणचाळीस टन.
शेरा: निकामी.
एक ओळ. पुढच्या ओळीत चार मोडक्या हातगाड्या.

इदरीस गॅसकटर घेऊन वर चढला,
धुराड्यात वाकला, आणि ज्योत विझवून खाली आला.
"साहेब, आत बाळंतीण आहे."

साळुंकी. निळी अंडी चार,
खाली आमच्याच गठ्ठ्यांची सुतळी आणि कापूस.
ठेकेदाराला म्हणालो, कागद वर अडलाय.
अडला होता माझ्या खणात.
बत्तीस वर्षांच्या नोकरीत
मी अडवून धरलेला तेवढाच एक.

महिनाभर डबा घेऊन त्याच्या सावलीत जायचो.
तेव्हा दिसलं: डाव्या पायरीला पोचा,
एक बोल्ट भलत्याच मापाचा,
आणि खिडकीखाली पत्र्यावर
कुणीतरी टोच्याने केलेली बेरीज,
सात नि आठ सोळा.
कुणाचा हिशोब, कोण बुडालं त्यात, कुणास ठाऊक.

घरटं रिकामं झालं त्या दिवशी
इदरीसने मला विचारलं नाही.
मीही रजा टाकली.

आता ते सत्त्याऐंशीपट लहान आहे.
घाटकोपरला, भिंतीला बिजागरीने अडकवलेला प्लायवुड
रात्री पलंगावर उतरतो,
शैला पाय पोटाशी घेऊन रुळांना जागा करून देते.
पितळेचा पत्रा घरीच कापला.
पोचा मुद्दाम ठोकला, तीनदा बिघडला.
बोल्ट चुकीचाच लावला.
बेरीज सुईच्या टोकाने: सात नि आठ सोळा.
भिंगातूनही वाचता येत नाही.
आहे पण.

चालेना मात्र. चाकं जागच्या जागी गरगर,
रूळ धरीनात.
"हलकं आहे फार," शैला म्हणाली,
शेंगा सोलता सोलता.

ससून डॉकवरून मूठभर शिसं आणलं,
जाळ्याला लावतात ते.
आधी कारकुनासारखा हिशोब केला:
एकोणचाळीस टन भागिले सत्त्याऐंशीचा घन.
न्याय्य वाटणी एकोणसाठ ग्रॅम.
तेवढ्याने हललं, ओढलं नाही.
मग बॉयलरमध्ये एकेक मणी वाढवत गेलो,
सत्तर, ऐंशी, पंच्याण्णव,
वहीत नोंदवत, तारखेनिशी.
ज्या अक्षरात खोडलं होतं
त्याच अक्षरात जमा.

दुबाशला हे कसं सांगायचं?
त्याची चांदणी एकदम दिसते.

काल दोन वाघिणी घेऊन निघालं,
उशीच्या वळणापर्यंत गेलं, घसरलं.
शैलाने दोन बोटांनी उचलून रुळावर ठेवलं,
उलटं, मागचं तोंड पुढे.
मी बोललो नाही. त्याला चालतं.
माझ्या हातात अजून शिशाचे मणी होते.
ती म्हणाली,
"घाला हवं तर. पण धुराडं तेवढं मोकळं ठेवा."