चक्कीवरचं कुत्रं

वाघ्या वाईट नव्हता.
हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं.

चक्कीच्या दारात बांधलेलं कुत्रं ते.
दिवसाला पन्नास-साठ माणसं,
डोक्यावर डबा, कडेवर पोट्टं,
कोणाची ज्वारी, कोणाची चण्याची डाळ,
आणि त्याला येणारा प्रत्येक जण चोर वाटायचा.
साठदा उठायचा, साठदा भुंकायचा.
रात्री पट्टा सोडला की मानेवरचे केस झिजलेले,
घसा बसलेला, प्रचारावरून आलेल्या माणसासारखा.

मग एक दिवस बेबीच्या पोटरीत दात रुतले.
ती त्याच्यासाठीच भाकर घेऊन चालली होती.

दिला त्याला संत्र्याच्या बागेत, नाल्यापलीकडे.
रातभर कुंपणानं फिरतो म्हणतात,
रानडुक्कर फिरकत नाही.
पोळ्यानंतर भेटायला गेले.
ओळखलं त्यानं. शेपूट हलवली दोनदा
आणि कामाला निघून गेला.
मी पिशवीतला पापड तसाच परत आणला.

आता दुसरं आणायचं, तर आमचे धनी म्हणाले,
तिखट पाहून आणजो.
मोटारीची तांब्याची तार गेली तेव्हापासून
त्यांना झोपेतही खुडखूड ऐकू येते.
म्हटलं, तार एकदा गेली,
दळण रोज येते.

सुकरू मडावी गायकी, त्याच्या गोठ्यात
कुटाराच्या ढिगावर चार पिल्लं.
मी वाकले रंग पाहायला, तर म्हणाला,
"कुत्र्याचं मंग पाहू वो बाई,
पयले घराचा सोभाव सांग."

घराचा स्वभाव.
सोयरीक जुळवतानाही कोणी विचारला नव्हता मला.
उभी राहिले तशीच, पदराला कुटार लागलेलं.
मग सांगत गेले:
सासऱ्यांचा उजवा हात थरथरतो,
कपबशी वाजत वाजत येते ओसरीपर्यंत.
बेबी सात वर्षांची, अजून भिंतीला घासून चालते.
पट्टा दिवसभर फटफटतो,
नंबरावरून बाया भांडतात,
लाईन गेली की सगळं एकदम गप्प,
आणि ती शांतता आवाजाहून जास्त दचकवते.
आणि मी?
मी ओरडते. मग वाईट वाटून घेते.

सुकरू काही बोलला नाही.
रिकामं घमेलं उचललं आणि पिल्लांच्या मागं
दगडावर टाकलं.

काळं पिल्लू घमेल्यावरच धावून गेलं.
(धनी असते तर तेच उचललं असतं.)
पांढऱ्या पायाचं बंडीखाली गेलं,
मी निघेपर्यंत तिथंच होतं.
एक झोपलेलंच राहिलं. "त्याचे कान पायले पायजे,"
सुकरू पुटपुटला.
आणि तांबूस, एक कान पडलेलं,
दचकून पार उलटं पडलं,
उठलं, थोडा वेळ नुसतं पाहत राहिलं,
मग नाक पुढं करून आलं
आणि घमेल्याची कड चाटली.

"भेते सारेच," सुकरू म्हणाला.
"भेऊन कोन वापस येते, थे पाय."

मादी निघाली.
धनी तोंड फिरवून चक्कीचा दगड टाकीत बसले,
दोन दिवस.

आज सतरावा दिवस.
काट्याखाली झोपते, पिठानं पांढरी,
शिंकते, कूस बदलते.
नाव अजून ठरलं नाही,
ज्याचा डबा त्याचं नाव:
चंपी, मैना, एक म्हातारी तर तिला सरपंच म्हणते.
सासऱ्यांचा हात डोक्यावर ठेवला की
कान थरथरतो त्यांच्याबरोबर,
पण डोकं काढून घेत नाही.

बेबी उंबऱ्यावरूनच तुकडा फेकते.
काल एक पायरी उतरली होती,
आज परत वर.
कुत्री जिथल्या तिथं बसून पाहते.
मीही पोरीला काही म्हणत नाही,
जीभ चावून पीठ चाळते.

तार आता लोखंडी पेटीत असते, कुलपात.
किल्ली धन्यांच्या करदोट्याला.