किटलीतला चुना

शांतवन भिंगारदिवेची घंटा वाजवण्याआधी
मी त्या गल्लीला तीन फेऱ्या मारल्या.
चौथ्या फेरीला समोरच्या आयरिश बाईने पडदा सारून पाहिलं,
म्हणून वाजवली.

वाक्यं पाठ होती. बसमध्ये पुटपुटून पाहिलेली.
"भाऊ, प्रीतीने सांगतो" हे पहिलं.
घरी ते म्हणून दाखवलं तेव्हा बायको कांदा चिरता चिरता म्हणाली,
प्रीती असली की ती आहे असं सांगावं लागत नाही.
पाळकसाहेब पवित्रीकरणावर चार रविवार बोलले होते.
मी सगळं वहीत उतरवलं होतं, तारखेसह.

तो स्वयंपाकघरात होता.
उघड्या किटलीत व्हिनेगर ओतून उभा.
ल्युटनचं पाणी, म्हणाला, दगड पिऊन नळात येतं.
बघ, बुडाला कसा पापुद्रा धरलाय.
खरवडायचा नाही, खरवडलं की भांडंच जातं.
ओतायचं, थांबायचं, उकळायचं, फेकायचं.
दोन महिन्यांनी पुन्हा हेच.

मी खुर्ची ओढली. छपरावरून विमान गेलं.
ते जाईपर्यंत दोघंही गप्प.
या गावात अवघड बोलणं
विमानाला वाट देऊनच करावं लागतं.

मग पाठ केलेलं सगळं विसरलो.
म्हणालो, रविवारी, उपासनेनंतर, चहाच्या वेळी,
एस्तेरला सगळ्यांदेखत तू जे बोललास...
तिच्या हातात कपबशी वाजत होती, शांतवन.
बराच वेळ वाजत होती.

त्याने बटण दाबलं. आंबूस वाफ आली.
पाठ माझ्याकडे, मान खाली.
पाणी उकळून थांबलं तेव्हा म्हणाला,
"बोललो. आणि तू हसलास."

हसलो होतो.
सवयीचं हसू, चारचौघांत अवघडायला नको म्हणूनचं,
ज्याला मी इतकी वर्षं शांती म्हणत आलो.
कुसळ काढायला आलेला माणूस
मुसळासकट टेबलाशी बसला होता.

प्रार्थना करू या, कुणीतरी म्हणालं.
डोळे मिटले. तू सुरू कर, तू सुरू कर,
असं मनातल्या मनात चाललं असताना
दार उघडलं. वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून एस्तेर आली,
आमच्याकडे बघून दारातच थबकली.
"कोण गेलं?"

कुणी नाही, शांतवन म्हणाला. बस. चहा करतो.
आणि मग, कपाटाकडे तोंड करून,
"रविवारचं चुकलं माझं."
माझंही, मी म्हणालो. माझा आवाज
माझ्या अंदाजापेक्षा बारीक निघाला.

ती बसली. कोट काढला नाही.
माफ केलं, असं काही म्हणाली नाही.
त्याने पुढे केलेल्या कपातला एक घोट घेतला,
तोंड वाकडं केलं,
कप त्याच्याकडे परत सरकवला.

"वास येतोय अजून.
आणखी एकदा उकळ."