अर्धा टँकर

रिकामा टँकर वाऱ्याला भितो.
भरलेला असला की गाभण गाईसारखा चालतो,
संथ, रस्ता धरून.
रिकामा म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.
म्हणून परवा रात्री पुलाच्या अलीकडे
खडीच्या ढिगाला टेकवून उभा केला,
चाकांना ओंडके लावले
आणि केबिनमध्ये बसून राहिलो,
नेहेलम नदीकडे पाठ करून.

वरच्या डोंगरात बर्फ पडायचा होता.
पडला पाऊस.
डिसेंबरात शोभू नये असा कोमट पाऊस,
आधीच्या बर्फालाही फूस लावून
सोबत घेऊन निघाला.

नंबर फिरवला की एक बाई पाण्याचं माप सांगते.
सतरा फूट.
एकोणीस फूट चार इंच.
तिला कधी धाप लागत नाही.
एकवीस फुटांना तिचा आवाज जरा कापला असता
तर मला सोबत वाटली असती.

पलीकडे आर्डिस झ्विगार्टचा गोठा.
बासष्ट गाई, एक आंधळा कुत्रा, आणि ती.
नवऱ्यानं जाण्याआधी
गाईंसाठी मातीचा उंचवटा घालून घेतला.
घर उचलायला पैसे उरले नाहीत.

मग वारा आला.
आधी डोंगरापलीकडे कोणी लाकडी फर्निचर
ओढत नेत असल्यासारखा आवाज,
मग टँकरच्या पोटात घुमला,
मग माझ्या दातांत.
माती इतकी भिजली की झाडं मोडत नाहीत,
उपटतात.
मुळांचं अख्खं ताट उभं राहतं
आणि खालच्या खड्ड्यात लगेच पाणी.
तारा गेल्या. दरीतले दिवे
एकेक करून नाही, एकदमच.

वायरलेसवर आर्डिस.
"डेल्मर, कधी येतोस?"
"पूल बंद केलाय."
"किती वेळ?"
"नदीला विचार."
ट्रॅक्टरला जनरेटर जोडून ती धारा काढत होती.
गाईला पूल कळत नाही,
कास भरली की भरली.
"टाकी काठोकाठ आहे," म्हणाली.
नंतर बराच वेळ नुसती खरखर.
नंतर म्हणाली, "ओतते."

हजार गॅलन.
दोन दिवसांचं दूध, मोरीतून
गोठ्याच्या मागे आलेल्या नदीत.
मी तिला काय म्हणालो आठवत नाही.
काहीतरी मूर्खासारखं,
जपून वगैरे.

"आणि हो," ती म्हणाली,
"स्वयंपाकघर गेलं. मोठा स्प्रूस पडला.
मी इकडे होते."
दूध आधी सांगितलं,
घर नंतर.

उजाडल्यावर मी पुलाच्या कठड्याशी जाऊन पाहिलं.
वेड्यासारखं, पाण्यात पांढरी रेघ शोधत होतो.
एकदा दिसलं पांढरं, काळजात चर्र झालं,
तर त्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या चाऱ्याच्या गाठी,
कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाच्या,
गिरक्या घेत समुद्राकडे चाललेल्या.
मागून एक गॅसची टाकी. एक कोंबड्यांचं खुराडं,
दार उघडं.
बाकी सगळं तपकिरी.

तिसऱ्या दिवशी पूल उघडला.
गोठ्याच्या दारावर त्यानं पेन्सिलीनं मारलेल्या खुणा आहेत,
साल आणि रेघ.
तिनं नवी मारली, त्याच्या सगळ्यांत वरच्या रेघेच्याही
वीतभर वर,
आणि त्याच्याकडून पैज जिंकल्यासारखी
जरा हसली.
दूधघरात किटलीवर कॉफी केली,
एक कान तुटका कप, एक बरणीचं झाकण.

पावतीवर कारणांचा रकाना असतो:
आंबलेलं. तापलेलं. वास.
त्यात नदी नाही.
पेन धरून मी तसाच उभा.
"राहू दे कोरं," आर्डिस म्हणाली.
"आजचं घेऊन जा."

आजचं म्हणजे थोडंच.
गाई भेदरल्यात, पान्हा चोरतात.
आणि अर्धवट टँकर रिकाम्याहूनही वाईट:
वळणावर दूध मागून उसळतं,
ब्रेक लावल्यावरही
पुढे ढकलत राहतं तुम्हाला.
घाटात वारा अजून उरलेला होता.
मी दहाच्या वेगानं उतरलो,
मागे ते थांबत नव्हतं,
हेलकावत होतं,
धडका देत होतं पाठीला.