पोपटाचा डोळा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला.
कुठल्या तरी परमुलखातल्या दुकानात
मी म्हणे बुटांचे सहा जोड घेतले,
एक्केचाळीस हजार तीनशे.
मी तर अशोक चौकात, गच्चीवर,
आमच्याच मागावरच्या चादरीत
पाय पोटाशी घेऊन.

कार्ड खिशात होतं. तेच तर.
खिशात असून गेलेलं.

मग बँक. एक दाबा, चार दाबा,
सतारीचा तोच तुकडा अठरा मिनिटं.
शेवटी एक पेंगुळलेली मुलगी म्हणाली, बंद केलं सर,
आणि तक्रारीचा नंबर सांगितला.
तो मी टॉवेलच्या बिलामागे लिहिला.

कुठं गेलं असेल, ते आठवायला वेळ नाही लागला.
हैदराबादचं प्रदर्शन उरकून येताना
उमरग्याजवळचा धाबा. हात शेंगाचटणीनं लाल.
पोरगा म्हणाला, मशीन तिकडं हाय काका,
हितं रेंज नाही, बसा की तुम्ही.
आणि बसलो की मी. बडीशेप चघळत,
चार मिनिटं, फार तर पाच.
त्याचा चेहराही आठवत नाही.
त्यानंच केलं असंही म्हणवत नाही.
मधे पडदा होता, पडद्यामागे कोण कोण.

खाली नायना जागेच होते.
काय गेलं रे?
कार्ड.
किती भोकांचं?

हसू नका. मल्लेशम यन्नम यांनी पस्तीस वर्षं
जेकॉर्डची कार्डं पाडली.
भोक असेल तिथं दोरा उठतो,
नसेल तिथं निजून राहतो,
असे हजारभर पुठ्ठे ओवले की
चादरीवर डाळिंब टोचणारा पोपट उतरतो.
ज्याच्या हाती कार्ड, त्याचा पोपट.
नायनांच्या लेखी कार्ड म्हणजे एवढंच,
आणि मला वाटतं, बँकेच्या लेखीही.

एकदा त्यांच्याकडून कुणी माळ मागून नेली,
एका रात्रीपुरती, नमुना बघायला.
शेजारी माणूस, नाही कसं म्हणणार.
सकाळी परत आली, गाठीसुद्धा जशीच्या तशी.
महिन्याभरात साखर पेठेत तोच पोपट,
दोन रुपये स्वस्त.

तोच, पण आंधळा.
देण्याआधी नायनांनी एक पुठ्ठा बदलला होता,
एका भोकाचा फरक,
नेमकं डोळ्याचं.
चोरी काय थांबली नाही रे, म्हणाले,
पण समजली तर.
आणि शेजारी? मी विचारलं.
त्याच्या पोरीच्या लग्नाला गेलो की.
हीच चादर दिली आहेर. डोळ्याची.

सकाळी चौकीत अर्ज दिला. साहेबांनी
परमुलूख कुठल्या हद्दीत येतो ते विचारलं.
मग दुपारभर मी माझे पुठ्ठे बदलत बसलो.
परदेशातला व्यवहार बंद,
जाईन तेव्हा उघडीन.
दिवसाची मर्यादा पाच हजार, डिझेल आणि जेवण, बास.
रुपया हलला तरी फोन वाजला पाहिजे.
पाकिटातली चिठ्ठी फाडली, जिच्यावर
मीच माझ्या अक्षरात पिन लिहून ठेवला होता,
विसरायला नको म्हणून. चोरालाही.
बँकेचा नंबर मात्र लिहिला मोठ्या अक्षरात
आणि ठेवला कार्डापासून लांब,
चपलांच्या पिशवीत.

पैसे आले का? आले, अडीच महिन्यांनी,
अकरा फोन आणि दोन झेरॉक्सनंतर.

परवा पुन्हा त्याच रस्त्यानं.
दुसरा धाबा, दुसरा पोरगा,
हात पुसत म्हणाला, द्या की काका, आणतो स्वाइप करून.
उगाच कशाला उठताय?
पाय मोकळे करतो, म्हटलं,
आणि त्याच्या मागं मागं गेलो, पडद्यापलीकडे,
जिथं एक बाई भाकऱ्या थापत होती
आणि मशीन पिठानं पांढरं झालं होतं.
एक हात आडवा धरून चार आकडे दाबले.
पोरानं शहाण्यासारखी मान फिरवली.

खिशात फोन वाजला. तीनशे वीस.
पोपटानं डोळा मिचकावला.